पाच सामन्यांचं वर्ष

सीडर बेंड, नेब्रास्का
२३ नोव्हेंबर १९८६, रविवार

प्रिय लेनोर,

काल आपण जिंकलो हे क्लेटननं तुला फोनवर सांगितलंच असेल. कसं सांगितलं असेल तेही मला ठाऊक आहे. "जिंकलो. दहा-नऊ. जोझी झोपली का?" तुझ्या नवऱ्याकडून यापेक्षा जास्त काढायचं तर चिमटा लागतो. आणि माझ्याशी फोनवर बोलायला लागलीस की तू माझ्या कमरेचीच चौकशी करत बसतेस, त्यात आपली वेळ संपून जाते. म्हणून ठरवलं, बसायचं आणि सगळं सविस्तर लिहायचं. जेवणं झाली आहेत, भांडी घासून झाली आहेत, क्लेटन मघाशीच घरी गेला. माझी कंबर ठीक आहे. आता तो विषय संपला.

तुझ्या नणंदेची जुळी आता बाळसं धरायला लागली असतील. ऑगस्टमध्ये तू जोझीला घेऊन तिच्याकडे निघालीस तेव्हा मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं, की तिला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलंय, नवरा बोटीवर, करायला कुणी नाही, म्हणून लेनोरला जावं लागलं. हे खरंच होतं. पण अर्धं खरं होतं हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. गेल्या वर्षी क्लेटनचा संघ शेवटचा सामना हरला, तुम्ही घरी आलात आणि अंगणात त्या पाट्या रोवलेल्या दिसल्या, 'घर विकणे आहे', एक नाही, सात-आठ. त्या दिवसापासून तू गावातल्या बेकरीतही गेली नाहीस. ते गोड पाव, कोलाचे, हवे असले की मला आणायला सांगायचीस. क्लेटननं त्या पाट्या शांतपणे उपटल्या आणि लाकूड चांगलं आहे म्हणून त्या वापरून कोंबड्यांची खुराडी दुरुस्त केली. तू मात्र म्हणालीस, "आई, माणूस वाईट खेळला तर त्याला वाईट म्हणा, पण त्याच्या दारात येऊन त्याला हाकलायचं?" तू त्यांना माफ करावंस म्हणून हे लिहीत नाहीये. फक्त तू गेल्यावर काय काय घडलं ते सांगतेय.

तर ऑगस्टमध्ये, तू गेल्यावर आठवड्याभरातच, चर्चच्या हॉलमध्ये कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या, आपल्या करकोच्यांच्या, पाठीराख्यांच्या मंडळाचं जेवण झालं. दरवर्षीचंच, डुकराचं मांस, पिठाची उकडलेली डंपलिंग आणि आंबवलेला कोबी. डंपलिंग माझ्याकडे होती. अध्यक्ष अर्थातच पेंडीच्या दुकानातला एमिल व्राना. तो उभा राहिला, ग्लासवर चमचा वाजवला आणि म्हणाला, "मंडळी, यंदा आपले करकोचे नऊ सामने जिंकणार!" लोकांनी टेबलं बडवली. तुला माहीतच आहे हे नऊचं वेड कुठून येतं. राजधानीतला मोठा विद्यापीठाचा संघ दरवर्षी नऊच्या वर जिंकतो, मग आमच्या लोकांना वाटतं आपणही त्याच राज्यात राहतो, तेच मांस खातो, आपल्याला काय धाड भरली? त्यांच्याकडे शंभर तगडी पोरं, आणि आपल्याकडे पीक काढणीच्या वेळी अर्धी पोरं सरावाला दांडी मारून बापाच्या शेतावर. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या गावाला पैशाच्या बाबतीत बरोबर समजतं. फुटबॉल आला की अंथरूण राहतं बाजूला, पाय थेट शेजारच्या गावात.

मग एमिल म्हणाला, "कोच, दोन शब्द बोला." क्लेटन उठला. दोन म्हटल्यावर तो खरंच दोनच बोलतो की काय अशी मला भीती होती. तो म्हणाला, "यंदा पाच." सगळे वाट बघत राहिले. कुणाला वाटलं पाच मिनिटं म्हणतोय. तेव्हा त्यानं नीट सांगितलं. "दहापैकी पाच जिंकू. दोन थोडक्यात हरू. तीन मोठ्या फरकानं हरू, पण मुलं आपल्या पायांनी चालत बसमध्ये चढतील. मला जे दिसतंय ते सांगतोय. जास्त सांगितलं तर खोटं होईल." एमिलचा चेहरा बिटासारखा झाला. "म्हणजे पाचासाठी आम्ही टाळ्या वाजवायच्या?" क्लेटन म्हणाला, "वाजवल्यात तर मुलांना बरं वाटेल." आणि खाली बसला, आणि आणखी एक डंपलिंग मागितलं!

एमिलला ते सहन होण्यासारखं नव्हतं. तो माझ्याकडे वळला. "व्हर्ना, तूच सांग तुझ्या जावयाला! तुझा लॅड होता ना एक्कावन्नच्या संघात? एक सामना हरला नव्हता तो संघ! आपल्याला जमलंय हे, एकदा जमलंय!" आता, लेनोर, तुझ्या वडिलांबद्दल मी कधी वावगं बोलले नाही आणि बोलणारही नाही. एक्कावन्नचा तो फोटो अजून माझ्या दिवाणखान्यात आहे. पण पस्तीस वर्षं मी त्या एका वर्षाच्या नावानं दर कोचची हजामत होताना ऐकत आलेय, आणि त्या वर्षी त्या पोरांचे शर्ट मी धुतले होते. हातात डंपलिंगचं पातेलं होतं, ते खाली ठेवलं आणि म्हटलं, "एमिल, त्या वर्षी निम्म्या कॉलेजांची पोरं कोरियात होती. एका संघाची अकराच पोरं आली होती, आणि त्यातल्या दोघांना रस्त्यात गाडीत मळमळलं, म्हणून आपण त्यांना आपली दोन पोरं उसनी दिली. त्यातला एक लॅड होता. त्या दिवशी लॅड हरला, एमिल. आपल्याविरुद्ध." आधी कुणीच हसेना. मग पाद्रीबाबा हसले, आणि मग छप्पर उडायचं बाकी राहिलं. लॅड असता तर तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला असता. तो स्वतःच ही गोष्ट मला रंगवून सांगायचा, पण बाहेर सांगायची बंदी होती. आता तो जाऊन चार वर्षं झाली, म्हटलं बंदी उठली.

एमिल माझ्याशी बोलायचा बंद झाला. पण गंमत अशी की गेली एकवीस वर्षं आमच्या जागा शेजारी शेजारी आहेत, पन्नास यार्डांच्या रेषेसमोर, खालून सातवं बाकडं. जागा कोण सोडणार? मग आम्ही न बोलता बसायचो. त्याच्या थर्मासमधली कॉफी तो माझ्या कपात ओतायचा, पण बघायचा समोर. पहिला सामना आपण सपाटून हरलो. एमिल हवेत बोलला, "पाचातला एक गेला." मी म्हटलं, हवेतच, "हरायच्या पाचातला." दुसराही हरलो. तिसरा जिंकलो तेव्हा तो उभा राहून ओरडला, मग माझ्याकडे बघून पटकन खाली बसला, जणू चोरी पकडली.

चौथ्या सामन्याबद्दल क्लेटननं तुला काही सांगितलं नसेल. सांगायला हवं होतं. पाहुणा संघ तगडा होता आणि तरी आपण पुढे होतो. आपला चेंडू फेकणारा पोरगा, डॅरिल नोवाक, त्या दिवशी असा खेळत होता की मी लॅडच्या फोटोची माफी मागायच्या बेतात होते. दोन गलेलठ्ठ पोरांनी त्याला एकदम खाली घेतलं. तो उठला, चालला, हात हलवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लेटन त्याच्याजवळ गेला, हनुवटी धरून डोळ्यांत बघितलं, काहीतरी विचारलं, आणि त्याचं हेल्मेट काढून घेतलं. बाकावर बसवलं. पोरगा हातवारे करतोय, मी ठीक आहे, मी ठीक आहे. क्लेटननं हेल्मेट स्वतःच्या काखेत धरलं आणि सामना संपेपर्यंत सोडलं नाही, म्हणजे पोरगा गुपचूप आत धावायला नको. त्याच्या जागी पाठवलेल्या कोवळ्या पोरानं तीनदा चेंडू शत्रूच्या हातात दिला. हरलो. जिंकलेला सामना हरलो. आणि लेनोर, लोकांनी हुर्यो उडवली. आपल्याच लोकांनी. माझ्या शेजारी एमिल तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडत होता, "अहो कोच, पोरगा चालतोय! हेल्मेट द्या त्याला! की पाचाचा नवस बोललाय?" मी काय करावं? मी त्याच्या बुडाखालची उशी ओढून काढली. वय वर्षं छप्पन्न, आणि मी ती उशी सातव्या बाकावरून थेट खाली फेकली. पोलीस पॅटरसनच्या डोक्यावर पडली. त्यानं वर बघितलं, मला बघितलं, आणि उशी शांतपणे स्वतःखाली घेऊन बसला.

क्लेटन रविवारी जेवायला आला तेव्हा मी म्हटलं, "तुला वाईट वाटलं का रे?" तो म्हणाला, "आई, मी डॅरिलला विचारलं, आज वार कोणता. तो म्हणाला, हो." बस्स. एवढंच बोलून त्यानं बटाटे मागितले.

पुढची गोष्ट मला एमिलच्या बायकोनं सांगितली. सोमवारी एमिलच्या दुकानात डॅरिलचा बाप आला. नोवाक म्हणजे कसा माणूस तुला माहीत आहे, घरात आग लागली तरी आधी टोपी घालून मग ओरडेल. तो आला, गोण्यांच्या थप्पीजवळ उभा राहिला, काही घेतलं नाही. एमिल म्हणाला, "काय हवंय?" नोवाक म्हणाला, "पोरानं काल दिवसभर आईला नावानं ओळखलं नाही. आज सकाळी ओळखलं. डॉक्टर म्हणाला, आणखी एक धक्का बसता तर..." आणि त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, "शनिवारी तू फार मोठ्यानं ओरडत होतास, एमिल. माझी बायको तुझ्या पुढच्याच रांगेत होती." आणि निघून गेला. एमिलनं त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं. बायको म्हणाली, तो घरी येऊन गुरांच्या पाण्याची टाकी घासत बसला, जी त्यानं लग्नापासून कधी घासली नव्हती.

पुढच्या शनिवारी तो माझ्याआधीच येऊन बसला होता. माझ्या जागेवर नवी उशी ठेवलेली. "ही तुझी," तो म्हणाला, "फेकायची झाली तर." आणि त्या दिवशी आम्ही जिंकलो, आणि सामना संपल्यावर तो कठड्याजवळ गेला आणि मुलं आत जाईपर्यंत टाळ्या वाजवत उभा राहिला. एकटाच. मग पाद्रीबाबा. मग आणखी पाच-सहा जण. क्लेटनला तो काही बोलला नाही. आपली माणसं तोंडानं माफी मागत नाहीत, दारात मक्याचं पोतं ठेवून जातात. तुमच्या कोंबड्यांना आता येत्या मार्चपर्यंत काही कमी पडणार नाही एवढं सांगते.

आणि मग, लेनोर, या गावाला काय झालं मला नीट सांगता येत नाही. पूर्वी जिंकलो तरी लोक घरी जाताना कुरकुरत जायचे. नऊ जिंकायचे असतील तर एका विजयाचं काय कौतुक? तो जणू उधारीतच जायचा. आता पाच म्हटल्यावर एकेक सामना पदरात पडला की गाव सणासारखं करायला लागलं. सहावा हरलो, तर बेकरीत कुणी म्हणालं, "असू दे, हा थोडक्यात हरायच्या दोनातला होता," आणि सगळे समजुतीनं माना हलवायला लागले, जणू हवामानखात्यानं आधीच सांगितलेला पाऊस पडला. सातवा जिंकलो. आठवा जिंकलो, तेही त्यांच्या गावी जाऊन, आणि आपली बस परत आली तेव्हा लोक हमरस्त्यावर ट्रॅक्टर उभे करून दिवे लावून बसले होते. बसमधल्या पोरांना वाटलं अपघात झालाय. बेकरीवाल्या बाईनं खसखशीच्या कोलाच्यांवर साखरेचा आकडा काढायला सुरुवात केली: चार. नववा हरलो, तेव्हा सगळं कालच्या सामन्यावर येऊन ठेपलं. चार विजय, पाच पराभव, आणि समोर कोण? ॲशबी कॉलेज. अकरा वर्षांत ज्यांना हरवलं नाही ते.

शुक्रवारपासून बर्फ पडत होतं. काल सकाळी मैदान म्हणजे पांढरी चादर, रेषा कुठे आहेत ते देवाला ठाऊक. कॉलेजच्या पोरी झाडू घेऊन दर दहा मिनिटांनी मैदानात धावायच्या आणि रेषा झाडून परत यायच्या. त्यांनाही टाळ्या मिळत होत्या, एकीनं तर वाकून मुजरा केला. थंडी अशी की एमिलच्या मिशांवर कॉफी गोठली. मी लॅडचा जुना कोट, त्यावर माझा कोट, त्यावर घोंगडी. तुझ्या वडिलांनी मला बघितलं असतं तर गवताची गंजी समजून ताडपत्री घातली असती. खेळ काय, दोन्हीकडची पोरं पडत होती, उठत होती, चेंडू साबणासारखा हातातून सुटत होता. डॅरिल परत आला होता, पूर्ण बरा होऊन, डॉक्टरच्या चिठ्ठीनं. त्यानं चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन एक टचडाउन मिळवून दिलं. पण शेवटाकडे ॲशबी नऊ, आपण सात. मिनिटभराहून कमी वेळ, आणि चेंडू आपल्याकडे, पण अजून लांब.

तेव्हा क्लेटननं तो किरकोळ पोरगा पाठवला, जो रसायनशास्त्र शिकतो आणि फक्त लाथ मारायला मैदानात येतो. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला तर तीन गुण. सबंध हंगामात त्याचे निम्मे नेम चुकले होते. त्यानं बुटाच्या टाचेनं बर्फ खरवडून बशीएवढी जागा केली. एमिल म्हणाला, "व्हर्ना, मला नाही बघवत," आणि मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. "तू सांग मला." मी म्हटलं, "सांगते." आणि बघते तर माझ्या चष्म्यावर वाफ! पुसायला रुमाल शोधतेय, रुमाल आतल्या कोटात, आतला कोट बाहेरच्या कोटात. "काय झालं? मारली का?" "थांब ना!" "व्हर्ना, बोल!" आणि एवढ्यात सातव्या बाकाखालची लाकडं थरथरली आणि जो काय आवाज झाला म्हणतेस! ती लाथ आम्ही दोघांनीही बघितली नाही. दोघंही अकरा वर्षं ज्याची वाट बघत होतो ते आम्हाला लोकांच्या बुटांनी सांगितलं. एमिलनं मला घोंगडीसकट उचललं. "पाच, व्हर्ना! पाच! पाच!" म्हणून तो लहान मुलासारखा रडत होता. हाच तो, ज्याला ऑगस्टमध्ये पाच म्हणजे शिवी वाटली होती.

पाच जिंकले, पाच हरले. इतक्या बरोब्बर मधोमधल्या निकालावर जगात कुठे कुणी चर्चची घंटा वाजवली असेल? पाद्रीबाबांनी वाजवली. धान्याच्या कोठारावरचा भोंगा वाजला. पोरांनी क्लेटनला खांद्यावर घेतलं, आणि तो असा अवघडून बसला होता जसा न्हाव्याच्या खुर्चीत पहिल्यांदा बसवलेला मुलगा. डॅरिलची आई गर्दीतून वाट काढत आली आणि त्याचा बूट धरून उभी राहिली, कारण तिचा हात तिथवरच पोचत होता. तू तिथं असायला हवी होतीस. कुणावर उपकार म्हणून नाही. तो तुझा नवरा आहे आणि तो दिवस तुझाही होता.

क्लेटन खांद्यावरून उतरल्यावर एमिल त्याच्यापाशी गेला, टोपी काढली, आणि म्हणाला, "कोच, पुढच्या वर्षी सहा धरू का? फक्त सहा. जास्त हाव नाही." सगळे हसले. क्लेटनही हसला, पण उत्तर दिलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. लोकांना वाटलं, विनय. मलाही तसंच वाटलं, आज दुपारपर्यंत.

आज तो जेवायला आला. मांस भाजलं होतं, रस्साही छान जमला होता, पण त्यानं दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. मी समजले काहीतरी आहे. मी काही विचारलं नाही. त्याला विचारलं की तो बंद होतो, गप्प बसून वाट बघितली की उघडतो. आणि मग त्यानं सांगितलं. शुक्रवारी, सामन्याच्या आदल्या दिवशी, त्याला फोन आला होता. तुला हँक आठवत असेल, कॉलेजात क्लेटनबरोबर खेळायचा, तुमच्या लग्नात केकवर बसला होता तो. तो आता डोंगराकडच्या त्या मोठ्या विद्यापीठाचा कोच आहे. त्याला स्वतःच्या संघाची चढाई, डाव आखण्यापासून सगळीच्या सगळी, क्लेटनच्या हाती द्यायची आहे. जानेवारीपासून. "मी नाही म्हणून सांगितलं," क्लेटन म्हणाला. "हँक म्हणतो पुढच्या रविवारपर्यंत विचार कर, पण विचार करण्यासारखं काही नाही. लेनोरला कळवू नका, आई. तिला उगीच घोर." आणि हे सगळं बोलताना, लेनोर, त्याचा काटा बशीतल्या रश्श्यात रेघा ओढत होता. पाच ठिपके, मागे एक, बाजूला दोन, मग बाण. पुसायचा आणि पुन्हा काढायचा. असे डाव मी त्याला आपल्या करकोच्यांसाठी कधी काढताना बघितलं नाही. आपल्याकडे एवढे ठिपके धावू शकतील अशी पोरंच नाहीत. मी म्हटलं, "का नाही म्हणालास?" तो म्हणाला, "इथं बरं चाललंय." मग थोड्या वेळानं, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता, "आणि तुम्ही एकट्या."

आता मी तुला हे पत्र का लिहितेय ते सांगते. लॅड गेल्यावर वर्षाच्या आत तुम्ही इथं राहायला आलात. तेव्हा तुम्ही दोघांनी सांगितलं की कॉलेजला कोच हवा होता, योगायोग जुळून आला. मी कधी खोदून विचारलं नाही, कारण मला तुम्ही हवे होतात. या तीन वर्षांतला एकेक रविवार मला मिळाला, जोझीला मी चालायला शिकवलं, आणि यापेक्षा जास्त मी देवाकडे मागणार नाही. पण चांगला माणूस लहान गावाला कायमचा मिळावा असं वाटणं वेगळं आणि त्याला धरून ठेवणं वेगळं. एमिलला वाईट वाटेल, मंडळ दोन आठवडे सुतकात जाईल, मग नवा कोच येईल आणि ते त्याला सहा मागतील, आणि मी त्यांना आवरीन; मला भरपूर काम आहे. मला रडायला येणार आहे, ते येऊ दे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला क्लेटन तिकडे येतोय, तू बुधवारी त्याला आणायला विमानतळावर जाशील, त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून उद्या पहाटेच एक्स्प्रेस टपालात टाकतेय. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. गुरुवारी टर्की कापून झाली, सगळे जेवायला बसले की हँकचं नाव सहज काढ. तो आधी 'नाही' म्हणेल. तू लगेच काही बोलू नकोस, त्याच्या बशीत रस्सा वाढ, आणि काटा कुठे जातो ते बघ.

तुझीच,
आई